आतून लावलेली कडी

नानांचा हात पहिल्यांदा हलला तो सकाळच्या चहाला. माय चुलीपुढं भाकरी थापत होती, मी उंबऱ्यात बसून डाळ पाखडत होते आणि नाना नेहमीसारखे भिंतीला टेकून बशीतून चहा पीत होते. बशीतला चहा एकाएकी काठाकाठानं फिरायला लागला. दोन थेंब धोतरावर पडले. नानांनी बशी खाली ठेवली, परक्या माणसाकडं बघावं तसं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलंय हे त्यांना कळलं. मायला पुढं महिनाभर काही उमगलं नाही. अशक्तपणा असेल म्हणून तिनं डिंकाचे लाडू केले. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी कंपवात आहे, तो हळूहळू वाढत जातो, असं सांगितलं तेव्हा नानांनी तो कागद चार घड्या करून बंडीच्या खिशात घातला आणि परत येताना एस.टी.त मला एवढंच म्हणाले, "कुणाला बोलायचं न्हाई."

आमचं घर सिरसाळ्यात, बाजाराच्या मागच्या आळीला. पुढची खोली नानांची, मागची आमची. मागं गिरणी होती, तिची पुकपुक दिवसभर चालायची, आणि बाजाराच्या दिवशी कापसाच्या गाड्या दारावरून जायच्या तेव्हा बैलांच्या गळ्यातल्या घंटांनी बोललेलं ऐकू यायचं नाही. पुढच्या खोलीत जवसाच्या तेलाचा, राळेचा आणि वितळलेल्या मेणाचा वास असायचा, मागच्या खोलीत येसराच्या आमटीचा आणि लसणाचा. हे दोन वास मधल्या दारात जिथं एकत्र व्हायचे तिथं माझं अंथरूण होतं. अजून कुठं राळ तापली की मला भूक लागते.

नाना शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. पण जिल्ह्यात त्यांचं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. फाटलेली, धुरानं काळी पडलेली, पोपडे सुटलेली जुनी तैलचित्रं ते दुरुस्त करीत. आमच्या भागात तैलचित्रं कुठून आली, असं मला लोक विचारतात. निजामाच्या काळात ज्यांच्याकडं जमिनी होत्या त्यांनी हैदराबादेहून चित्रकार बोलावून आपली नाहीतर आपल्या वडलांची चित्रं कॅनव्हासवर काढून घेतली होती. ती मग बैठकीत, वकिलांच्या ओसरीत, एखाद्या मठात चुना, पाली आणि उदबत्तीचा धूर सोसत टांगलेली राहिली. नाना स्वतः मेंढपाळाच्या घरातले. घोंगड्या विकायला निघालेल्या चुलत्याबरोबर हैदराबादेला गेले आणि सात वर्षं तिकडंच राहिले. तिथं एका नवाबाच्या हवेलीत करीमसाब म्हणून म्हातारे उस्ताद चित्रं नीट करायचे, त्यांच्या हाताखाली नाना शिकले. उस्तादांचं एक वाक्य त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवलं असेल, "जितना गया, उतनाच भरना." म्हणजे रंग जिथून उडालाय तेवढ्याच जागेत नवा रंग लावायचा. केसभर बाहेर गेलात तर ती दुरुस्ती नव्हे, लबाडी.

हात हलायला लागल्यावर सुरुवातीला मी फक्त धरू लागले. कॅनव्हासचा काठ धर, दिवा धर, भिंग धर. मग एक दिवस फाटलेल्या जागेचे धागे जुळवताना सुई नानांच्या बोटातून दोनदा सुटली आणि त्यांनी ती माझ्या हातात दिली. फाटलेला कॅनव्हास म्हणजे धाग्यांचं भांडण असतं. ओढलेला धागा लांबतो, तुटलेला आखडतो, आणि सुईच्या टोकानं एकेक धागा त्याच्या जागी निजवून चिकटवावा लागतो. मी ते करत होते आणि नाना माझ्या मागं स्टुलावर बसून सांगत होते. डावीकडं. थांब. ओढू नको. आता सोड. धाग्यांनंतर सफाई आली. मेणचट काजळी काढायला कापसाचा बोळा थुंकीनं ओला करून फिरवायचा. उस्तादांच्या मते माणसाच्या थुंकीइतकं सौम्य औषध दुसरं नाही. सगळ्यात शेवटी रंग आला. वर्षभरात असं झालं, की नानांचा हात चित्राला लागायचा बंद झाला आणि त्यांचा आवाज माझ्या कानाशी कायमचा येऊन बसला.

लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. चित्र न्यायला आलेला माणूस म्हणायचा, मास्तरांच्या हातात देव आहे. नाना ते ऐकून मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा. भर उन्हाळ्यात ते कोट घालू लागले, कारण कोटाला खिसे होते आणि खिशात हात दिसत नव्हते. घामानं पाठ भिजलेली असायची, पण कोट निघायचा नाही. मला स्थळं येत होती. नाना प्रत्येकात खोट काढायचे. आळीतल्या बायका मायला म्हणायच्या, बापाचा लेकीवर लई जीव हाय. माय मला एकदाच, गोवऱ्या थापताना म्हणाली, "जीव हायच. पर तुला सोडना गेलेत ते जिवानं न्हाई."

लग्नाचं मला फारसं वाटत नव्हतं. मला औरंगाबादला जायचं होतं. शाळेत असतानाच तिथल्या चित्रकला महाविद्यालयातल्या एका बाईंनी माझी चित्रं पाहिली होती आणि फॉर्म पाठवला होता. पहिल्या वर्षी प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा आमच्याकडं एका मठातलं चित्र होतं. नाना म्हणाले, हे एक होऊ दे. ते झालं तोवर मुदत गेली. दुसऱ्या वर्षी बाईंनी स्वतः पुन्हा फॉर्म पाठवला, पुन्हा पत्र आलं, आणि त्यात मूळ कागदपत्रं घेऊन अमक्या मंगळवारपर्यंत हजर राहावं असं लिहिलं होतं. त्याच आठवड्यात दारात बापूसाहेबांची जीप उभी राहिली.

बापूसाहेबांचं गाव तेलगावच्या पुढं, चहूकडून उसात बुडालेलं. जमीन मोठी, राजकारण त्याहून मोठं. त्यांच्या वडलांच्या, म्हणजे दादासाहेबांच्या नावानं गावात शाळा उभी राहिली होती, आणि उद्घाटनाला दादासाहेबांचं तैलचित्र शाळेच्या हॉलमध्ये लागणार होतं. घराला रंग देताना शिडी घसरली आणि चित्र खांद्यापासून गालापर्यंत फाटलं. बापूसाहेब आमच्या खोलीत बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"मास्तर, सामान घेऊन या अन् तिथंच नीट करा. दादासाहेब घराबाहेर जायचे न्हाईत."

नानांचे हात कोटाच्या खिशात होते. ते म्हणाले, चालतंय, पण एक अट आहे. काम चालू असताना खोलीत कुणी यायचं नाही. ओला रंग असतो, धूळ बसते. बापूसाहेब म्हणाले, तुमची खोली, तुमची कडी.

ती खोली बंगल्याच्या मागं होती. आधी तिथं फवारणीचे पंप आणि खताची पोती ठेवत. धुऊन काढली होती तरी औषधाचा उग्र वास भिंतीतून येत राहायचा आणि संध्याकाळपर्यंत डोकं जड व्हायचं. एक खिडकी होती, तिच्याबाहेर हातभर अंतरावर ऊस. वारा सुटला की पानांचा सळसळाट व्हायचा, पण तो वारा आत यायचा नाही. दार एकच, त्याला आतून लोखंडी कडी. सकाळी आम्ही आत गेलो की नाना ती कडी स्वतः घालायचे. हात हलत असल्यामुळं ती अडकताना दाराच्या लाकडावर चार-पाच वेळा खडखडायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आतून घातलेली असली म्हणून काय झालं, कडी ती कडीच.

चित्र मोठं होतं, खुर्चीत बसलेला पुरुषभर उंचीचा माणूस. आधी रंगाचे कपचे गळू नयेत म्हणून पुढच्या बाजूला पातळ खळीनं मलमलचं कापड चिकटवलं. मग चित्र चौकटीतून काढून पालथं घातलं, धागे जुळवले, आणि मागून नवं कापड मेण-राळेवर कोळशाच्या इस्त्रीनं बसवलं. माझ्याकडं आता शिकायला येणारी मुलं विजेवर तापणाऱ्या टेबलावर हे काम करतात. कोळशाची इस्त्री म्हटलं की ती हसतात. त्या खोलीत, त्या उन्हाळ्यात, नाना पुठ्ठ्याच्या तुकड्यानं मला वारा घालायचे. हात तसाही हलतोच आहे, तुझ्या कामाला येऊ दे, असं म्हणून ते एकदा हसले होते. हेही मला विसरायचं नाही. ते मला कोंडून ठेवत होते आणि दिवसभर वाराही घालत होते.

जेवायच्या वेळेला दार उघडायचं असायचं. त्याआधी एक विधी असे. मी रॉकेलच्या चिंधीनं बोटं पुसायची, मग खोबरेल लावून नखांतला रंग काढायचा. आणि नाना रंग कालवायच्या पाटीवरच्या ओल्या रंगात स्वतःची दोन बोटं बुडवायचे. तपकिरी, थोडा पांढरा. ती रंगलेली बोटं लोकांना दिसतील एवढाच वेळ हात खिशाबाहेर काढायचे, धुवायला म्हणून हौदाकडं चालत जायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी त्या वेळी भिंतीकडं तोंड करून उभी राहू लागले.

बापूसाहेबांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. त्या स्वतः ताट घेऊन यायच्या. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी धपाटे आणि दही. मी दिवसभर आत काय करते, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, नानांना रंग घोटून देते. त्यांनी माझ्या बोटांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "घोटतीस तर बोटं एवढी सोच्च कशी गं?" मी भाकरी मोडायला घेतली. त्या दिवसापासून त्या माझ्या ताटात दोन घास जास्त वाढू लागल्या.

मंगळवार जवळ येत होता. पत्र मी पोलक्यात ठेवलं होतं, घामानं त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या. रविवार यायच्या आधी मी नानांना विचारलं. दोन दिवस जाऊन येते, कागद दाखवते आणि परत येते, चेहऱ्याचं काम तोवर थांबू दे. नाना बराच वेळ दादासाहेबांच्या फाटलेल्या गालाकडं बघत राहिले. धागे जुळले होते, भेगेत खडू आणि सरसाचं मिश्रण भरून झालं होतं, आणि गालावरून कानापर्यंत पांढरा पट्टा दिसत होता. त्यावर रंग चढायचा राहिला होता.

"अन् तवर कुणी आलं, मास्तर दावा म्हणालं, तर म्या काय दावू?"

मी म्हटलं, मग पुढच्या वर्षीही हेच होणार.

"पुढच्या वर्षाचं पुढं बघू. हे एक होऊ दे, सिंधे."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला भांडता आलं असतं. तिथं विनवणी होती. माझा बाप मला विनवत होता आणि मला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून माझ्या मनात त्याच्याविषयी असं काही साचत गेलं ज्याला मी तेव्हा नाव दिलं नाही. आता देते. तो द्वेष होता. माझं वय तेव्हा एकोणीस होतं, आणि ज्या माणसावर मी सगळ्यात जास्त माया केली त्याचाच मी त्या खोलीत तीन दिवस द्वेष केला.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर नाना चटईवर आडवे झाले आणि त्यांना डोळा लागला. कोट त्यांनी काढून उशाला घेतला होता. मी खोक्यावर चढून गालाचा रंग भरत होते. दादासाहेबांची कातडी सावळी होती, हनुवटीकडं जरा लालसर. तो लालसरपणा मला सकाळपासून सापडत नव्हता आणि नेमका तेव्हा सापडला होता. तेवढ्यात अंगणात जीप थांबली. चार-पाच जणांचे आवाज आले. बापूसाहेब कुणाला तरी सांगत होते, चला, दादासाहेब कुठवर आलेत ते दावतो. अशा वेळी मी नानांना उठवायचं, ते कोट घालून, कडी काढून बाहेर जायचे आणि दार ओढून घेऊन अंगणातच बोलायचे, असं आमचं ठरलेलं होतं.

मी नानांकडं पाहिलं. ते उताणे निजले होते, दोन्ही हात छातीवर होते. मी खोक्यावरून उतरले. दाराशी गेले. कडी दोन्ही हातांनी धरली, वाजू नये म्हणून, आणि काढली. मग परत येऊन खोक्यावर चढले, ब्रश उचलला आणि गालावर टेकवला. पावलं दाराशी आली तेव्हा माझी पाठ दाराकडं होती. मी वळले नाही.

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. वाऱ्यानं दार उघडलं, कडी नीट बसली नव्हती, असंच मी मायला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, मुलांनाही सांगितलं.

दार ढकललं गेलं आणि बापूसाहेबांचा आवाज आला, "ए पोरी, खाली उतर. काय करायलीस ते?"

त्यांना वाटलं, बापाचा डोळा लागलेला बघून पोरगी चित्राशी खेळतेय. नाना दचकून उठले. कोट शोधत राहिले, तो त्यांच्या पाठीमागं होता. हात उघडे पडले होते. बापूसाहेबांसोबत शाळेचे हेडमास्तर होते, एक ठेकेदार होता आणि आणखी दोघं होते. ते सगळे आधी चित्राकडं आणि मग नानांच्या हातांकडं बघू लागले. नाना म्हणाले, तिला जरा शिकवत होतो. बापूसाहेब हसून म्हणाले, शिकवा की, पण हे दादासाहेब आहेत, पाटी नव्हे. आणि मग पाहुण्यांसमोर असल्यामुळं असेल, ते म्हणाले,

"बरं, आता आलोच हाव तर मास्तर, तुमचा हात बघू द्या ह्या लोकांस्नी."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. ब्रश पडला म्हणायला हवं होतं, रंग वाळला म्हणायला हवं होतं, दहा गोष्टी होत्या. मी खोक्यावरून उतरून बाजूला झाले. नानांनी ब्रश घेतला. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि चित्राजवळ गेले. ब्रशचं टोक गालाच्या पट्ट्यापासून बोटभर अंतरावर थरथरत राहिलं, एकदा मागं गेलं, पुन्हा पुढं आलं, आणि टेकलं ते ओठावर. तिथून एक तपकिरी फराटा नाकापर्यंत गेला.

हेडमास्तर खाली बघू लागले. ते नानांना चांगले ओळखत होते. ठेकेदार हळूच म्हणाला, काय बे हे. मी पुढं झाले, कापसाचा बोळा जिभेवर ओला केला आणि फराटा पुसला. रंग ओला होता, लगेच निघाला. नानांनी ब्रश माझ्या हातात दिला आणि बापूसाहेबांकडं वळून, शाळेत हजेरी द्यावी तसे सरळ उभे राहून म्हणाले, "म्या काई केलेलं न्हाई. वर्ष झालं, समदं हीच करती."

बापूसाहेब ओरडले असते तर सोपं गेलं असतं. फसवले गेल्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, पण अर्धा गाल उघडा होता आणि उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. शेवटी ते म्हणाले, पोरीला पुरं करू द्या. मास्तर, तुम्ही ओसरीवर बसा. आणि दार आता उघडं राहील.

पुढचे आठ दिवस दार उघडं राहिलं. येणारा-जाणारा उंबऱ्यात उभा राहून बघायचा. उसातल्या बाया पाणी प्यायला आल्या की बघायच्या आणि आपसात बोलायच्या. नाना समोरच्या ओसरीवर खांबाला टेकून बसायचे, कोट नव्हता, हात मांडीवर. घरातली लहान पोरं त्यांच्यासमोर बसून आपले हात तसे हलवून बघायची. काकूंनी त्यांना एकदा हाकललं. त्या नानांना चहा बशीत न देता अर्ध्या भरलेल्या तांब्यात द्यायच्या, म्हणजे सांडायचा नाही. मी हे सगळं ब्रश हातात धरून दारातून बघत होते. मागं आवाज नव्हता. डावीकडं, थांब, आता सोड, असं सांगणारं कुणी नव्हतं. ज्या आवाजातून मला सुटायचं होतं तो नसल्यावर पहिले दोन दिवस मला एक रेघ धड ओढता आली नाही. मंगळवार आला आणि गेला. त्या दिवशी मी कानाची पाळी रंगवत होते.

काम संपलं तेव्हा बापूसाहेबांनी नानांना बोलावलं. नाना चित्रासमोर उभे राहिले, खूप जवळ गेले, मग मागं सरले. बापूसाहेब, काकू, मी, सगळे वाट बघत होतो. ते म्हणाले, "कानापाशी जास्ती भरलंस." एवढंच. आणि ते खरं होतं. चुलतभावानं मागच्या वर्षी त्या शाळेच्या हॉलमधला फोटो मोबाइलवर पाठवला. मी तो बोटांनी मोठा करून आधी कान पाहिला. तिथला रंग आता काळपट पडलाय, माझाच तेवढा. बाकीचा गाल चांगला आहे.

उद्घाटनाला आम्हाला बोलावणं आलं नाही. गोष्ट मात्र आमच्या आधी सिरसाळ्याला पोचली होती. एस.टी.तून उतरलो तर स्टँडवरच्या पानवाल्यानं नानांना नेहमीसारखा रामराम केला आणि मग त्यांच्या हातांकडं पाहिलं. घरी आल्यावर मायनं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भाकरी फडक्यात बांधल्या, माझे कागद पेटीतून काढले आणि म्हणाली, चल. नाना ओसरीत बसले होते. मायनं त्यांना विचारलं नाही, सांगितलं. ते मान हलवून हो म्हणाले. मुदत संपून आठवडा झाला होता, पण एक जागा रिकामी राहिली होती आणि त्या बाईंनी माझ्यासाठी शब्द टाकला. माय कचेरीच्या दारात पदराखाली भाकरीचं फडकं धरून चार तास उभी होती.

मी सुटले. म्हणजे औरंगाबादला गेले, शिकले, पुढं याच कामात राहिले. नानांनी त्यानंतर एकही चित्र घेतलं नाही. पुढची खोली मायनं शेळ्यांना दिली. मी सुट्टीत यायचे तेव्हा नाना मला मी काय शिकतेय ते विचारायचे, चुका काढायचे, उस्तादांचं सांगायचे. त्या खोलीबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. दार उघडलं कसं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयात काम करत असतानाही आतून दाराला खिटी लावायची वेळ आली की माझा हात थांबायचा.

शेवटच्या वर्षी त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की कान तोंडाशी न्यावा लागे. मी महिनाभर सिरसाळ्याला राहिले होते. एका सकाळी मी त्यांना दूधभात भरवत होते. त्यांनी दोन घास खाल्ले, तिसऱ्याला मान फिरवली आणि माझ्याकडं बघत राहिले. मी कान जवळ नेला.

"त्या दिशी," ते म्हणाले, "बापूसाहेबाच्या तिथं. म्या जागा होतो."

मी वाटी खाली ठेवली.

"तू कडी काढताना बघितलं म्या. उठलो न्हाई. म्हणलं, काढू दे."

नानांच्या आजारात हात फक्त गाढ झोपेत थांबतात. जागेपणी ते मांडीवर असोत, छातीवर असोत, पाठीखाली असोत, हलत राहतात. मला हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती, दोन वर्षं मी ते रोज पाहिलं होतं. आणि त्या दुपारी कडीला हात घालण्याआधी मी नीट निरखून पाहिलं होतं. त्यांचे दोन्ही हात छातीवर होते आणि एक बोटसुद्धा हलत नव्हतं. ते गाढ झोपले होते. त्यांनी काहीही पाहिलं नव्हतं. कधीतरी, ओसरीवरच्या त्या आठ दिवसांत असेल किंवा नंतरच्या इतक्या वर्षांत असेल, कडी मीच काढली हे त्यांनी ओळखलं होतं, आणि आता मला हे असं सांगत होते.

"मला वाटलंच होतं, नाना," मी म्हणाले.

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मग तोंड उघडलं, आणि मी पुढचा घास दिला.